अंकुशच्या नावापुढचा नंबर

घणसोली गावात अंकुशच्या आणि माझ्या खोलीची भिंत एकच. टॉवरमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारा, आई भिमाबाईंना सांभाळणारा आणि दर चौदा एप्रिलला मंडळाच्या शिबिरात रक्त देणारा माणूस. जयंतीला डीजेपुढे नाचण्यापेक्षा हे बरं, असं त्याचं म्हणणं. अशा माणसाच्या वाट्याला हे आलं, याचा मला संताप आहे.

जानेवारीत भिमाबाईंचं पोट फुगलं. सरकारी दवाखान्यात हिपॅटायटिस सी निघाला. अंकुशला तपासलं, त्यालाही तोच. डॉक्टर खोदून विचारत गेले तेव्हा उलगडलं. पाच वर्षांपूर्वी भिमाबाईंना शुगर निघाली, घरी बोट टोचून मोजायचं यंत्र आलं. बाई सुईला घाबरायची. म्हणून अंकुश आधी स्वतःचं बोट टोचायचा, "बघ, काय नाय होत," म्हणायचा आणि तीच सुई आईला लावायचा.

गोळ्यांनी तीन महिन्यांत दोघांचा विषाणू जाईल, पण आईचं लिव्हर पूर्वीसारखं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

अंकुश रक्तपेढीत भांडायला गेला. दरवर्षी रक्त घेता, मग सांगत का नाय? त्यांनी नोंदी दाखवल्या. तपासणीत दोष निघाला म्हणून सहा वर्षं त्याची बाटली फेकून दिली होती आणि दरवेळी फोनही केला होता. नंबर मात्र मंडळाच्या अध्यक्षाचा, आशुतोषचा. रांग पटापट सरकावी म्हणून कार्यकर्ते सगळ्यांच्या फॉर्मवर सरसकट तोच नंबर टाकायचे. माझ्याही फॉर्मवर तोच होता. आम्ही शहाण्यांनी न वाचता सही ठोकली आणि बिस्किटं खाल्ली. पेढीवालेही कमाल. फोन केला की यांचं काम संपलं, पुढच्या एप्रिलला पुन्हा त्याचंच रक्त घ्यायचं आणि पुन्हा फेकायचं.

रविवारी आशुतोष भिमाबाईंना बघायला आला. मी तिथेच होतो.

"मावशी, ते रोग सांगत नव्हते," तो म्हणाला. "अंकुशला पाठवा, एवढंच बोलायचे. मला वाटलं, एड्स असेल. गावात कळलं असतं तर त्याची इज्जत गेली असती. म्हणून गप बसलो."

"मला एकट्याला तरी सांगायचंस," अंकुश म्हणाला.

भिमाबाई उशीला टेकून बसल्या.

"इज्जत राखलीस म्हनतोस," त्या म्हणाल्या. "मग सा वर्सं झाली, माझ्या घरात पान्याला तोंड लावलं न्हाईस. दर खेपेला पोट बिघडलंय म्हनायचास. मला वाटायचं, पोरगं अध्यक्ष झालं, आता मोठं झालं. तुला सोताला जपायचं कळलं, आशुतोष. मला का जपू दिलं न्हाईस?"

आशुतोष खाली बघत उठला आणि दारात चपला शोधू लागला. मी त्या पायानेच बाहेर सरकवल्या.