कोरी खपली

शेळ्यांमागं फिरणाऱ्या माणसाच्या बुटाला लेंड्या चिकटतात आणि डोक्याला किस्से. लेंड्या निदान झटकता येतात.

मी सोलापुरात शेळ्यांच्या ‘मावा’ रोगावर थिसिस करत होतो. पिल्लांच्या ओठांवर फोड येतात, त्यांच्या खपल्या होतात आणि एकाचं बघता बघता सगळ्या कळपाला लागतं. व्हायरस आहे, माणसाच्या हातालाही होतो. मला हव्या होत्या त्या खपल्या, पण कसलंही औषध न लागलेल्या. आमचे गाइड, म्हणजे सर, पहिल्याच दिवशी म्हणाले, "कोरी खपली नाही, तर थिसिस नाही."

*

सांगोल्याजवळच्या वस्तीवर शालनकाकूंच्या पिल्लांना मावा आला. मी येतोय म्हणून आदल्या दिवशी फोन केला. जाऊन बघतो तर पिल्लं न्हाऊन, तोंडं घासून, हळद-तेल लावून ओळीनं उभी. एकाच्या कपाळाला कुंकूही होतं. खपल्या चुलीत गेलेल्या.

"काकू, खपल्याच तर न्यायच्या होत्या."

"पाव्हणं येणार म्हटल्यावर तशीच घाण तोंडं दावायची व्हय?"

खपली मिळाली नाही, पण चहा चांगला होता.

*

म्हणून पुढच्या खेपेला कुणालाच न सांगता माळशिरसकडच्या एका बाजारात गेलो. एका आजोबांची शेळी दिसली, सरळ तिचं तोंड उघडून बघितलं. आजोबांनी माझा हात शांतपणे टॉवेलाखाली ओढला आणि बोटं दाबली. मला वाटलं, म्हातारं माणूस, मायेनं करतंय. मीही मायेनं दाबली.

बाजारात शेळीचं तोंड उघडतो तो दात बघणारं गिऱ्हाईक, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून सौदा ठरतो, हे मला नंतर कळलं. तोवर दावं माझ्या हातात आलेलं. शेळी ठणठणीत निघाली, म्हणजे माझ्या काहीच उपयोगाची नव्हती. तिथंच पडत्या भावानं विकून टाकली.

*

परतताना एसटीत कंडक्टरनं मांडीवरच्या थर्मोकोलच्या डब्याकडं बोट दाखवलं. "काय हाय ह्यात?"

"काही नाही," मी खरं तेच सांगितलं.

"मग कशाला नेताय?"

"व्हायरस मिळाला तर ठेवायला."

सोलापूर येईपर्यंत मागची आख्खी सीट मला एकट्याला मिळाली.

*

वर्ष सरत आलं. सर विषय बदलायचं बोलायला लागले. मला जेवण गोड लागेना. अशात शालनकाकूंचा फोन आला, "एका पिल्लाला नवी खपली धरलीया. पाणी बी लावलं न्हाय. या लवकर."

गाडी पळवत गेलो. तोवर पिल्लानं दगडी कुंडीला तोंड घासून खपली घालवलेली. मी गोठ्यातच बसकण मारली. खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

काकू म्हणाल्या, "बोटाला काय बांधलंय?"

"औषध लावलेल्या एका पिल्लाला बाटलीनं दूध पाजताना चावलं. फोड आलाय."

"सोडा बगू."

पट्टी सोडली. काकूंनी माझं बोट उन्हाकडं धरलं, मग पिल्लाच्या तोंडाकडं बघितलं, मग परत बोटाकडं.

"हीच की वो ती. घ्या काढून."

मी सरांना फोन लावला. "सर, खपली मिळाली."

"कुणाची?"

"माझीच."

सर म्हणाले, "वर काही लावलं नाहीस ना?"