काबूलवरची चवळी

काका गेल्याचं येनाहून त्यांच्या शेजारीणबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी फ्रँकफर्टच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये मान डोलावत होतो. मान डोलावणं हे माझं मुख्य कौशल्य. भाऊकाकांना ते कधी जमलंच नाही…

तरुणपणी पूर्व जर्मनीत शिकायला आलेले काका तिथेच, येना शहरातल्या भिंगांच्या कारखान्यात रमले. कम्युनिस्ट, तेही पक्के. बर्लिनची भिंत पडून पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी जेवणाच्या टेबलावर टेबलक्लॉथसारखा सोव्हिएत संघाचा नकाशा! पाहुण्याला मॉस्कोच्या बाजूला बसवायचं आणि पुढ्यात एकेका संकटाच्या जागी चवळीचे दाणे मांडायचे. "नंदू, साल एकोणऐंशी. पश्चिमेला अमेरिकेची क्षेपणास्त्रं. पूर्वेला चीन रुसलेला. गहू मात्र अमेरिकेचाच. आणि खाली काबूलमधलं दोस्त सरकार डळमळतंय. बोल, काय करशील?"

"आधी चहा घेईन."

"तेवढं केलं असतं तरी देश वाचला असता रे! फौज पाठवली गाढवांनी."

मग ते दाणे उचलायला लावत. सगळे उचलले जायचे. काबूलवरचा हलायचा नाही. डिंकानं चिकटवलेला! "बाकीची संकटं दुसऱ्यांनी आणलेली. ही आपण आपल्या हातानं."

'आपण' म्हणजे ते स्वतःसुद्धा. कारखान्याच्या सभेत फौजेच्या बाजूनं त्यांनी तावातावानं भाषण ठोकलं होतं. सोव्हिएत परराष्ट्र धोरणावर मराठीत पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या भाषणाचं एक अख्खं प्रकरण केलं. पुण्याचे प्रकाशक म्हणाले, एवढं गाळा, जुने कॉम्रेड दुखावतील. मीही लगेच मध्यस्थ झालो. "अहो काका, एकच तर प्रकरण आहे. निदान पुस्तक तरी निघेल."

"मॉस्कोची चूक छापायची आणि माझी झाकायची? जा, चहा घे तू."

पुस्तक पडूनच राहिलं… आणि काका गेले. महिन्याभरात प्रकाशकांचं पत्र आलं: ते प्रकरण वगळून स्मृतिग्रंथ काढू. मी सवयीनं मान डोलावली, 'हो' असं लिहायलाही घेतलं. त्याच आठवड्यात घर रिकामं करायला येनाला गेलो. नकाशा गुंडाळताना तो दाणा आडवा आला. नखानं खरवडला, सुरीनं खरवडला. हलेना.

परत येऊन पत्र फाडलं आणि नवीन लिहिलं. "प्रकरणासकट छापा, नाहीतर राहू द्या." उत्तर आलेलं नाही. दुसरा प्रकाशक शोधतोय.

नकाशा आता आमच्या टेबलावर असतो. माझं ताट नेमकं काबूलवर येतं आणि डुगडुगतं. बायको म्हणते, "अहो, जरा सरकवा ना."

मी सरकवत नाही.