डाव्या पट्टीवरचं भोक

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सही करायला माझ्या मामांइतका वेळ लावणारा माणूस दुसरा झाला नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उभी नोकरी त्यांनी लाल गाड्यांच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढली. गाडी सोडण्याआधी तिच्याभोवती पूर्ण चक्कर मारायची, वाकून खालून बघायचं आणि मगच वहीत ‘तपासली, ठीक’ लिहून सही ठोकायची. ही सवय त्यांच्या हाडात इतकी मुरली होती की निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, चकरा सुटल्या नाहीत. कलिंगडाच्या ढिगाला चक्कर, लाइटबिलाला चक्कर, डॉक्टरांच्या चिठ्ठीला तर उलटसुलट दोन. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पेन खिशात ठेवलं, चष्मा लावला आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाभोवती सावकाश फेरी मारली. व्याही लालबुंद. मामा म्हणाले, “पुढनं ठीक हाय. मागनं जरा उजवीकडं झुकतंय, पण चालंल.” मग सही.

घरातला कारभारही डेपोसारखाच. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. जेवताना ताटावर चमचा एकदा वाजला की आत्यानं वाढणं थांबवायचं, दोनदा वाजला की अजून अर्धी भाकरी. आत्या म्हणायची, “आख्ख्या संसारात ह्या माणसानं ‘पुरं’ म्हणून तोंड उघडलं न्हाय, नुसती घंटी वाजिवली.” हे ती रागानं म्हणते असं मला लहानपणी वाटायचं.

परंड्याजवळच्या आमच्या गावात, घराच्या मागं, आत्याची खव्याची भट्टी होती. आमच्याकडचा खवा लांबलांब जातो. पेढा खाणारा ‘वा’ म्हणतो. तो खवा घोटणाऱ्या बाईचे डोळे कुठं जातात, हे त्याला विचारावंसं वाटत नाही. मला वाटतं, म्हणून मी चळवळीत आहे आणि पत्रकं काढते. रस्त्यावर काढली, पाण्यावर काढली, भट्टीच्या धुरावर तर चार काढली. बाभळीच्या सरपणासमोर चुलवणावर वाकून, उलथनं एक क्षण न थांबवता दूध आटवायचं. थांबलं की तळाला लागलं, लागलं की कढई गेली. आत्यानं ते इतकी वर्षं केलं की तिला माणसं आवाजावरून ओळखायची वेळ आली. माझ्या चार पत्रकांनी त्या धुरात काडीचा फरक पडला नाही.

फरक मामांनी पाडला. भंगारातून त्यांनी बसच्या वायपरची मोटर आणली. पावसात काच पुसणारा तो दांडा त्यांनी कढईच्या पोटाच्या आकाराला वाकवला आणि दूध ढवळायला लावला. इकडून तिकडं, तिकडून इकडं, न थकता. पण खवा उतरवायचा कधी, हे मोटरला कसं कळावं? ते आत्यानं सांगितलं. “आधी मनगटाला वढ लागती. तवा जाळ कमी करायचा. मग उलथनं रुतायला लागतं, तवा उतरायचं.” मामांनी तिच्या मनगटाच्या जागी स्प्रिंग बसवली आणि स्प्रिंगला दोरी, दोरीला कंडक्टरची घंटी. पहिली ओढ, एक बेल: जाळ कमी. दुसरी ओढ, दोन बेल: उतरवा. आत्या आता भट्टीपासून दहा पावलांवर, लिंबाखाली बसून खवा करायला लागली. मोटर धरून ठेवायला दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या होत्या, त्यातल्या डाव्या पट्टीवर मामांकडून एक भोक चुकून भलतीकडंच पडलं होतं. त्याचा कशालाच उपयोग नव्हता. त्यावरून आत्या त्यांना दोन दिवस बोलली.

पेटंटचं मी काढलं. मामांनी त्या प्रश्नालाही चक्कर मारायला घेतली आणि सहा महिने मारत राहिले. “पेटंट घेतलं आन उद्या शेजारच्या भट्टीवाल्यानं असंच यंत्र केलं, तर त्याला कोर्टात वढायचं का म्या? त्याच्या बायकूचे डोळे काय लाकडाचे हायत?”

मी म्हटलं, “फुकट द्या मामा. पण तुमचं म्हणून द्या. नाहीतर कुणीतरी शहाणा कारखानदार तुमचंच यंत्र तुम्हाला विकायला येईल.”

ते कुठंतरी लागलं. दोन दिवसांनी चष्मा पुसत म्हणाले, “त्या कागदावर शोध लावणाराचं नाव असतंय का?” असतं म्हटलं. “मग तिचं लिव्हायचं. वर. माझं खाली. हात तिचा हाय, मोटर माझी.” आत्या आतून ओरडली, “माझं नाव रेशन कार्डावर हाय तेवढं बास!” मामांनी टेबलावर पेन दोनदा वाजवलं. चल.

आणि इथं मी माती खाल्ली. चळवळीत आम्हाला एकच शिकवलंय: जे छापलं नाही ते घडलंच नाही. कुणी चोरू नये म्हणून आधी जगाला ओरडून सांगायचं. मी पत्रक काढलं. ‘हे यंत्र आमचं आहे!’ खाली आत्याचं नाव, मामांचं नाव, आणि अर्धं पान चित्र. मोटर, स्प्रिंग, दोरी, पट्ट्या, सगळं मापासकट. चित्र इतकं हुबेहूब की ते चुकीचं भोकसुद्धा सोडलं नाही. छापण्याआधी नमुना मामांना दाखवला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, टेबलाभोवती फेरी मारली, दोन मापं सुधारली आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘तपासले, ठीक.’ सही. पुढच्या बाजाराला परंड्यात हजार पत्रकं वाटली.

मग कुर्डुवाडीहून रेल्वेनं आम्ही दोघं पुण्याला गेलो. पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाई भल्या होत्या. यंत्राची हकीकत ऐकताना घंटीपाशी आल्यावर त्या मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, “अर्जाआधी हे कुठं छापून आलंय का?” मी अभिमानानं पिशवीतून पत्रक काढलं. त्यांनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “सगळंच लिहिलंय.”

जे आधीच छापून लोकांच्या हातात गेलं, ते कायद्याला नवं उरत नाही. मी भांडले. कुणाच्या सोयीचा कायदा आहे हा, गप्प बसणाऱ्याला बक्षीस आणि बोलणाऱ्याला शिक्षा, असं बरंच बोलले. बाईंनी मला बोलू दिलं. मग मामांकडं वळून हळू म्हणाल्या, “एक वाट आहे. हे तुमच्या संमतीशिवाय छापलं असेल, तर तसं लिहून द्या. लगेच अर्ज करू.”

मी उडीच मारली. “लिहा मामा! भाचीनं न विचारता छापलं म्हणून लिहा. नमुन्याचा कागद माझ्याकडंच आहे, मी जाळते.”

मामांनी पेन घेतलं. कागद समोर ठेवला. त्या एवढ्याशा खोलीत खुर्च्या सरकवत त्यांनी टेबलाभोवती चक्कर मारली. बाई बघत राहिल्या. पूर्ण फेरी झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“म्या तपासून सही केलीया बाई. आता न्हाय केली म्हणलं, तर आजवर सोडलेल्या गाड्यांचं काय?” मग माझ्याकडं न बघता, “आन पोरीला चोर कशापायी करायचं?”

घरी आत्यानं विचारलं, “झालं का?” मामांनी तांब्यावर बोट वाजवलं. एकदाच.

त्यानंतरचा दुसरा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. तोवर एका वर्कशॉपनं तसंच यंत्र विकायला काढलं होतं. आमचं कुणाचं नाव नाही, साधी विचारपूस नाही. मी त्यावर पत्रक लिहायला बसले आणि पहिल्यांदाच माझ्याच्यानं लिहवलं नाही.

गेल्या महिन्यात तेरखेड्याकडं एका सोयरिकीला गेलो होतो. रस्त्याकडंच्या भट्टीतून घंटी ऐकू आली आणि आत्यानं माझा दंड धरला. “आत ने.” ऊन भट्टीवर उतरलं होतं, दूध आटत होतं, आणि ते घोटणारी तरुण बाई लांब बाजेवर बसून शेंगा सोलत होती. तिचे डोळे स्वच्छ होते. आत्यानं हात पुढं केला. मी तो यंत्राच्या डाव्या पट्टीवर ठेवला. तिचं बोट चाचपत चाचपत गेलं आणि एका जागी थांबलं.

“भलतीकडंच पाडलंय,” ती म्हणाली. “म्या तवाच बोलले हुते ह्यास्नी.”

बोट तिनं तिथंच ठेवलं. जरा वेळानं दोन बेल झाल्या. बाई शेंगा टाकून कढई उतरवायला उठली. आत्या मात्र जागची हलली नाही.