अण्णांच्या नावाची रेषा

त्या दिवशी वडील गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, पेपर वाचला आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. नवरा घरी होता. त्याचा फोन आला. मी रिक्षा केली. रिक्षात बसून मी माझ्या फोनवर वडिलांची रेषा उघडली. रेषा चालू होती.

म्हणून घरी पोचेपर्यंत मी रडले नाही. नवऱ्याचा काहीतरी गैरसमज झाला आहे, अण्णांना चक्कर आली असेल, असं मला वाटत राहिलं. फोनवर त्यांचं हृदय चाललेलं मला दिसत होतं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "दवाखान्याकडं घेऊ का ताई?" मी म्हटलं, नको, घरीच, वडील ठीक आहेत. तो म्हणाला, "मग कशाला घाबरताय एवढं?"

अण्णांना हॉलमध्ये चटईवर ठेवलं होतं. पायाचे अंगठे बांधून झाले होते. मी त्यांच्या हाताला हात लावला आणि दुसऱ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. रेषा वर जात होती, खाली येत होती.

ही रेषा कुठून येते ते सांगायला हवं. माझा नवरा अभियांत्रिकी कॉलेजात शिकवतो. हृदयाच्या ठोक्यांवर दिवसभर लक्ष ठेवणारा पट्टा बनवायचं त्याने काही वर्षांपासून मनावर घेतलं होतं. छातीला चिकटवायच्या ज्या चकत्या दवाखान्यात मिळतात, त्या आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने सुटतात. सुटल्या नाहीत तर खाली पुरळ उठतं. त्याला वाटलं, आपल्या गावात अंग पुसायला टॉवेल विणतात, अंगावर घ्यायला चादरी विणतात, मग छातीला बांधायला सुती पट्टा का विणू नये. चांदीचा मुलामा दिलेला दोरा त्याने मागवला. तो विणायचा कुणी, हा प्रश्न अण्णांनी सोडवला.

अण्णा मूळचे अकलूजकडचे. हयात त्यांनी नवी पेठेतल्या एका कापड दुकानात गज हातात धरून काढली. तिथे टॉवेल आणून देणारे एक विणकर त्यांचे दोस्त झाले आणि पुढे त्यांच्याच गल्लीत, शहराच्या पूर्व भागात, आम्ही घर घेतलं. मी त्यांना काका म्हणते. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. सगळ्यांनी यंत्रमाग घेतले तरी काकांनी बाहेरच्या खोलीतला हातमाग मोडला नव्हता. त्या मागावर पट्टा विणला गेला. काड्यापेटीएवढी एक डबी त्याला अडकवायची. डबीत सिमकार्ड होतं. माणूस कुठेही गेला तरी त्याची रेषा नवऱ्याच्या आणि माझ्या फोनवर यायची, आणि ठोके बिघडले तर दोन्ही फोन वाजायचे.

पहिला पट्टा हातात आला तेव्हा अण्णांनी तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून कापडासारखा चाचपला. "काठ चांगला आलाय," ते काकांना म्हणाले. मग नवऱ्याकडे वळून, "काय जावईबापू, लग्नात सासऱ्यानं जावयाला काय न्हाय दिलं म्हणून आता जावयानं सासऱ्याला पट्टा बांधला व्हय?"

"बैलाला बांधतात तसा," काका म्हणाले.

"बैलाला बांधला तर बैल हुंदडतो तरी. मी कुटं जातोय."

तेव्हापासून पट्टा अण्णांच्या अंगावर होता. त्यांचं हृदय आधीच अशक्त होतं, औषधं चालू होती. नवऱ्याला एक तपासायला माणूस मिळाला आणि मला, ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना, फोन उघडून वडील आहेत हे बघायची सवय लागली.

मधूनमधून रेषेत एक विचित्र गोष्ट व्हायची. एखाद-दोन दिवस ठोक्यांची चालच बदलायची. नवरा वैतागायचा. दोरा बदल, डबीची जागा बदल, पुन्हा शिवण उसव, असं चालायचं. अण्णांना विचारलं तर ते म्हणायचे, "मधीच तरुण होत असंल मी. तुमी लोकं हिशेब कशाला मांडता?"

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. पुण्याहून काही लोक पट्टा बघायला आले होते. सुती पट्ट्याला थोडा ओलावा लागतो; त्या दिवशी अण्णांचा घाम सुकला होता आणि पट्टा रेषा पकडेना. पाहुणे चहा पिऊन वाट बघत होते. नवऱ्याने फोनवर दोन-तीन बटणं दाबली आणि रेषा आली. सुंदर, एकसारखी रेषा. पाहुण्यांनी माना हलवल्या. ते गेल्यावर मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "साठवलेली होती. कालचीच. खोटी नाहीये, अण्णांचीच आहे." मी कपबशा उचलून आत गेले होते. पण हॉलमध्ये अण्णांचा हात हातात धरून बसले असताना मला तेच आठवलं.

घरातल्या पुरुषांनी त्यांना अंघोळ घातली. बायका आत होत्या. बाहेर पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की सदरा काढल्यावर छातीवर पट्टा होता का. नवरा तिथे होता. तो मध्येच आत आला, अण्णांच्या खोलीत गेला, कपाट उघडलं, उशी उचलली. वडील अजून दारात असताना हा काय शोधतो आहे? मी दारात उभी राहिले. तो म्हणाला, "पट्टा नाहीये अंगावर. तू काढून ठेवलास का?"

"मी?"

"परवा पुरळावरून तूच बोलत होतीस, काढा म्हणून."

त्याने माझ्यावर घेतलेला संशय मला दिसला. त्याच्यावरचा माझा त्यालाही दिसला असेल. आम्ही दोघे बाहेर आलो.

तिरडी उचलताना मी शेवटचा फोन पाहिला. रेषा जोरात चालली होती, चढून चढून. मी फोन बंद करून पदरात गुंडाळला. नवऱ्याच्या खांद्यामागे काकांनी खांदा दिला होता. त्यांचा दुसरा हात छातीवर होता आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. संध्याकाळी फोन उघडला तेव्हा रेषा थांबलेली होती. दुपारीच कधीतरी थांबली होती.

सुतकाच्या दिवसांत माणूस घरातच असतो आणि घरातल्या माणसाकडे बघत राहतो. मी नवऱ्याकडे बघत होते. तो म्हणाला, डबी कुठेतरी पडली असेल आणि पंख्याच्या किंवा वायरीच्या जवळ असेल तर विजेची थरथरही ठोक्यांसारखी दिसते. ती विनाकारण जोरात का धावेल, असं मी विचारलं. "धावू शकते," तो म्हणाला. उत्तर तयार असल्यासारखं आलं. मी मनात जोडत गेले. तो घरात होता. मागच्या खोलीत नवी डबी जोडत बसला होता. पट्टा वाजला नाही. वाजला नाही कारण पट्टा अण्णांना बघतच नव्हता, कित्येक दिवस. फोनवर साठवलेली रेषा फिरत होती आणि मी शिक्के मारत मारत तिच्यावर विश्वास ठेवत होते. आता पट्टा गायब केला की विचारायला काही उरलं नाही.

तो अंघोळीला गेला की मी त्याच्या फोनमधली ती साठवलेली रेषा काढून त्या दिवशीच्या रेषेशेजारी ठेवून बघायची. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. अर्थात मला कुठल्याही दोन रेषा सारख्याच वाटल्या असत्या. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली बाई.

काका रोज यायचे. ओसरीवर, अण्णांच्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारी, जमिनीवर बसायचे. मी चहा नेला की नजर खाली. नवरा बाहेर आला की उठून जायचे. यांचं दोघांचं काहीतरी आहे, असं मला वाटू लागलं. पट्टा त्यांनी विणला, यानं जोडला. एकाला लाज वाटते आहे आणि दुसऱ्याला वाटत नाही.

आमच्या गल्लीत गुण येणारी वस्तू एका घरात राहत नाही. वाफेचं यंत्र, पाण्याची गादी, शौचाची खुर्ची, ज्याला लागेल त्याच्याकडे जाते. अडवून ठेवली तर तिचा गुण जातो, असं बायका म्हणतात. अण्णांची चार पायांची काठीही अशीच दोन-तीन घरं फिरून आमच्याकडे आली होती. चौदाव्यानंतर ती पुढे द्यायची होती. काकांच्या शेजारच्या आजींना लागणार होती. मी ती घेऊन निघाले, पण आधी काकांकडे गेले. त्यांना एकट्याला गाठून विचारायचं ठरवलं होतं.

काका मागावर बसले होते, पण माग चालत नव्हता. काकू भिंतीशी बसून सूत गुंडाळत होत्या. मी काठी दारात टेकवली आणि सरळ विचारलं, "काका, तो पट्टा खरंच चालायचा का?"

"चालायचा की."

"मग वाजला का नाही?"

ते ताण्याच्या दोऱ्यांवरून हात फिरवत राहिले. काकूंनी गुंडी खाली ठेवली आणि त्यांना तेलुगूत म्हटलं, सांगून टाका. एवढं तेलुगू गल्लीत सगळ्यांनाच येतं. मग काकूच मराठीत म्हणाल्या, "किती दिवस फडक्यात बांधून ठेवणार? चोरी केली का आपण? त्यांच्या पोरीला द्या तो."

काका उठले. देवळीतून एक फडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत पट्टा होता, धुऊन घडी घातलेला. डबी वेगळी.

"माझ्या अंगावर होता," ते म्हणाले. "जिना चढताना मला अंधारी यायची. अण्णा दवाखान्यात जा म्हणाला, मी न्हाय म्हटलं. मग त्यानं स्वतःचा काढून मला बांधला. म्हणाला, दोन दिवस घाल. तुझ्यात काय असलं तर माझा जावई पळत येतोय बघ, तुला सांगावंबी लागणार न्हाय."

"तुम्हाला म्हणजे पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदा कुठलं," काकू म्हणाल्या. "कट्ट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी घालून झालाय तो. भावजींनीच वाटला. गुणाची चीज हाय, एकट्यानं काय घालायची, म्हणायचे."

अण्णा मधूनमधून तरुण का होत होते, ते मला कळलं.

काका अजून उभेच होते. "तो गेला तेव्हा त्याचा पट्टा माझ्या अंगावर. कसं सांगू? खांदा दिला तेव्हाबी होता. मसणातनं आल्यावर अंघोळीला काढला."

मला रिक्षा आठवली. हॉलमध्ये हातात धरलेला थंड हात आठवला आणि तिरडी उचलताना चढत गेलेली ती रेषा. मी तेव्हा तिला खोटी म्हणत होते. ती काकांची होती.

काठी आजींकडे दिली आणि पट्टा घेऊन घरी आले. नवरा मागच्या खोलीत होता. मी फडकं त्याच्या टेबलावर ठेवलं आणि ऐकलेलं सांगितलं. तो बराच वेळ पट्ट्याचा काठ चाचपत राहिला, अगदी अण्णांसारखा. मग त्याने त्या दिवसाची रेषा मोठी करून पाहिली. "हे बघ," तो म्हणाला, "इथे ठोका गळतोय. इथेही. वाजण्याइतकं नाहीये, पण काकांना दाखवायला हवं." नंतर म्हणाला, "आणि मी महिनोन्‌महिने शिवण उसवत बसलो."

"अण्णांच्या अंगावर असता तर वाजला असता?" मी विचारलं.

"माहीत नाही."

या उत्तरावर मी विश्वास ठेवला. ते तयार असल्यासारखं आलं नाही. मग मी त्याला ती साठवलेली रेषा पुसून टाकायला सांगितलं. त्याने माझ्यासमोर पुसली. दुसरीकडे कुठे ठेवली असेल का, हा विचार माझ्या मनात आला. तो अजूनही येतो, पण पूर्वीपेक्षा कमी.

काका आता गोळ्या घेतात. पट्टा त्यांच्या छातीवर आहे आणि त्यांची रेषा माझ्या फोनवर येते. शिक्के मारताना मी ती बघते, पण ती काकांच्याच अंगावर आहे ना, हे संध्याकाळी कट्ट्यावरून जाताना त्यांना विचारून घेते. काठी आजींकडे आहे. खुर्ची ओसरीवर आहे. अण्णांच्या नावाने साठलेली कित्येक महिन्यांची रेषा घरात आहे. तिच्यातले त्यांचे ठोके कुठले, ते सांगता येत नाही.