दारातले पाहुणे

सासऱ्यांचं जेवण तुटलं ते आमच्या हॉलच्या सरकत्या दरवाजामुळे. ऐकणारे हसतील म्हणून मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही. आता सांगायला हरकत नाही.

आमच्या जालन्याच्या घरापासून एमआयडीसी जवळ आहे. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोट फिरवलं की काळं होतं. त्या धुळीला कंटाळून मीच हट्टाने हॉल आणि मागची गॅलरी यांच्यामध्ये काळ्या काचेचा सरकता दरवाजा बसवून घेतला होता. गॅलरीवर पत्रा, त्यामुळे पलीकडे भरदिवसाही अंधार आणि काचेत माणूस आरशासारखा लख्ख दिसायचा. मला त्या दरवाजाचं फार कौतुक होतं. येता-जाता पदर सारखा करायलाही बरा पडायचा.

सासूबाई गेल्यावर मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही वाटूरहून इकडे आणलं. त्यांना आठवेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तरी मला ते 'पोरी' म्हणायचे आणि आपल्या मुलाला नावाने हाक मारायचे. नवऱ्याला मी घरात 'अहो' म्हणते, पण इथे 'तो' लिहिणार आहे, एवढी सूट मी घेतेच. तर तो कंपनीतून आला की बूट काढायच्या आधी मामांसमोर जाऊन उभा राहायचा. त्यांनी नावाने हाक मारली की मग आत येऊन हातपाय धुवायचा. आज हाक आली, उद्या येईल का, ही धास्ती त्याने मला कधी बोलून दाखवली नाही, पण मला दिसत होती.

एका दुपारी ताट वाढलं, तर मामा बसेनात. काचेकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरी, पाव्हणे कवाचे दारात उभे राह्यलेत. त्यांना आत घे की."

काचेत धोतर-टोपीतले मामाच उभे होते. मी म्हटलं, "मामा, ती काच हाय. तुमचंच रूप दिसून राह्यलं त्यात." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्यांचा पाणउताराच केला.

वाटूरचं त्यांचं घर फाट्यालगत होतं. गाडी बदलायला उतरलेला कुणीही दुपारचा सावलीला यायचा आणि त्याला विचारल्याशिवाय मामांनी कधी भाकरी मोडली नव्हती. बाकी सगळं पुसत चाललं होतं, हे मात्र पक्कं होतं. ते काचेसमोर जाऊन "या, आत या" म्हणून हात करत. समोरचा माणूसही तसाच हात करी. दोघंही मानी. दोघंही एकमेकांना आग्रह करून थकत आणि आत कुणीच येत नसे.

समजावावं म्हणून मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मामा म्हणाले, "हे पाह्य, त्यांच्या मंडळीबी आल्या. आता तर घे आत!" मी कपाळावर हात मारला. पडदा लावला, तो त्यांनी ओढून काढला. काचेला पेपर चिकटवले, तर मामा भडकले. "पाव्हण्याच्या तोंडावर कागद लावता? लाज न्हाई वाटत?" नखांनी खरवडून त्यांनी सगळे पेपर काढले. चहा ते दाराशी उभ्यानेच घ्यायचे. भाकरीचं नाव काढलं की म्हणायचे, "उभ्यानं कोणी जेवतं का? ते बसले की मी बसतो."

नवरा म्हणाला, "दरवाजाच काढू." मी तडकले. धूळ कोण पुसणार, तुम्ही? त्याच दिवशी मामांना सदरा घालताना त्यांचा दंड माझ्या मुठीत मावला. मी गुपचूप बाहेर येऊन म्हटलं, "काढून टाका."

दरवाजा बसवणारा कुठे लग्नाला गेलेला. त्याने फोनवर बजावलं, एकट्यानं हात लावायचा नाही, काच जड असते. रविवारी आम्ही दोघांनी जाड चपला घातल्या, हाताला मोजे चढवले. काच तडकली तर अंगावर विखरू नये म्हणून रुंद चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. वरचा अडसर काढला. खालच्या चाकांचे स्क्रू फिरवले, तसा दरवाजाच्या दोन पल्ल्यांपैकी पहिला थोडा खाली बसला आणि वर उचलायला जागा झाली. मग दोघांनी दोन कडा धरल्या, पल्ला सरळ वर उचलला, खालची बाजू रुळातून सोडवली आणि आपल्याकडे ओढली. पहिला सुखरूप निघाला.

दुसरा उचलताना काच तिरपी झाली आणि काचेतला माणूसही कलला. मामा ओरडले, "आरं, पडतील ते!" आणि दोन्ही हात पुढे करून धावलेच. माझ्या हातात अर्धा दरवाजा. कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "मामा, पाव्हण्यांना आतच घेऊन राह्यलो. तुम्ही बसा आधी, न्हाईतर ते बसायचे न्हाईत."

मामा जागच्या जागी थांबले. "बराबर हाय," म्हणाले आणि जाऊन आपल्या जागी मांडी घालून बसले.

पल्ला आम्ही गॅलरीत नेला, गोधडीवर उभा टेकवला, काच भिंतीकडे करून. मी स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढलं. नवरा घाम पुसत त्या मोकळ्या चौकटीतून हॉलमध्ये आला.

मामा उठले. हात जोडले. "या, या. लई ताटकळलात तुम्ही."

नवऱ्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"दादा, मी..." तो वडिलांना म्हणाला. मी ताट घेऊन उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि मामांच्या समोर बसला. मामांनी भाकरी मोडली. इतक्या दिवसांनी त्यांना घास घेताना पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू येत होतं.

"कोण्या गावचे?" मामांनी विचारलं.

"वाटूरचा."

"आमचंच गाव की! कोणाचे तुम्ही?"

नवऱ्याने घाईने घास तोंडात घातला.

"बरं, घरी कोण कोण असतं?"

"वडील हायत."

"मंग जास्त येळ थांबू नका," मामा म्हणाले. "जेवा अन जल्दी निघा. म्हातारा माणूस वाट पाहून राह्यला असंल."

नवऱ्याचं ताट रिकामं झालं होतं. तरी तो हात धुवायला उठेना. मामा त्याला फाट्यापर्यंत पोचवायला म्हणून काठी शोधू लागले, तेव्हा मी न विचारता त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.