पाठमोरा ज्ञानू

सांगलीचे फोटोग्राफर नरहरपंत लेले यांना एका विलायती मासिकाने पार बिघडवलं. त्यातला फोटोग्राफर रस्त्यावरची माणसं नकळत, पाठमोरी टिपायचा. झालं! पंतांनी स्टुडिओतला रंगवलेला ताजमहाल गुंडाळला आणि कॅमेरा घेऊन ते गणपती पेठेत फिरू लागले. वर ऐकवायचे, "तोंडं काय, सगळ्यांनाच असतात!"

त्रेचाळीस साली पलटणीत निघालेला कुंडलचा ज्ञानू त्यांनी असाच टिपला. ज्ञानू लढाईत कामी आला. त्याचा दुसरा फोटो नव्हताच, म्हणून एका गाववाल्याकडून या फोटोचं कळताच हार घालायला तोच मागत त्याची आई, शेवंताबाई, आली.

पंतांनी खाली मान घालून फोटो दिला. तिने तो उलटून मागे चेहरा शोधला. मागं कोरा कागद.

"आवं पंत, एक हाक मारायची हुती की. वळला असता त्यो."