जीपचं पाणी पितंय कोण?

नवऱ्यावर चोरीचा आळ घेण्याआधी मी त्यांना चहा आणि दोन बिस्किटं दिली होती, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई माणुसकीनं वागली नाही.

चोरी पाण्याची होती. तेही साध्या पाण्याची नाही, जीपच्या! माझी एक जुनी जीप आहे. माझी म्हणजे माझीच. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी विकून घेतलेली, आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर ड्रायव्हिंग शिकून चालवलेली. (शिकवणाऱ्याचे केस त्या महिन्यातच पांढरे झाले.) सोलापूरहून मोहोळ, टेंभुर्णी, अकलूज, सगळीकडच्या दुकानांत माझी चटणी मीच पोचवते. आमच्या ह्यांना चारचाकी येत नाही. हे सूतगिरणीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले, त्यांच्याकडं स्कूटर आहे. त्या स्कूटरवर मागं बसून ह्यांच्या पाठीकडं बघत माझी निम्मी हयात गेली. खरं सांगते, जीपमध्ये बसून पहिल्यांदा समोरचा रस्ता दिसला तेव्हा मला रडू आलं होतं. त्यामुळं जीप म्हणजे माझा जीव!

तर एकदा बशीरभाई मिस्त्री म्हणाले, "काकू, गाडी जुनी हो गई. रोज सुबूको बॉनेट खोलके कूलंट देखते जाव."

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी. ते बॉनेटखाली एका पांढुरक्या प्लास्टिकच्या बाटलीत दिसतं. बघत जा म्हटले म्हणून मी बघत गेले. पहिल्या सकाळी कमी दिसलं. भरलं. अकलूजला जाऊन आले. दुसऱ्या सकाळी बघते तर पुन्हा कमी! पुन्हा भरलं. तिसऱ्या सकाळी परत तेच. बरं, चोर मोठा नेमाचा होता. रोज बाटलीवरच्या वरच्या रेघेपर्यंतच न्यायचा. त्याच्या खाली थेंबालाही हात लावायचा नाही.

मी ह्यांना सांगितलं, आणि तिथंच चुकलं.

"विकून टाक," हे पेपरातून मान वर न करता म्हणाले.

"अहो, पाणी कमी होतंय म्हणून कुणी जीप विकतं का?"

"उद्या इंजिन तापून हायवेवर बंद पडशील. मग मी स्कूटरनं येऊ का तुला ओढायला? हे बघ, महिनाअखेरपर्यंत दोष सापडला तर जीप ठेव. नाही सापडला तर बाळूला देऊन टाकायची."

बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ. टेंभुर्णीला शेती करतो, आणि त्याची ढोबळी मिरची कायम बाजारात उशिरा पोचते. माझ्या जीपवर त्याचा डोळा पहिल्यापासूनच. ह्यांनी बोलायचा अवकाश, संध्याकाळी त्याचा फोन! "आक्का, दाजी म्हनत हुते, जीप काडायची हाय म्हनून? मला रंगाचं कायबी न्हाय, हाय तसली चालंल." मी फोन ठेवून दिला. पण मनातून घाबरले. ह्यांचा शब्द म्हणजे गिरणीचा भोंगा, एकदा वाजला की वाजला.

मी जीप घेऊन बशीरभाईंच्या गॅरेजात गेले. ते खाली सरकले, टॉर्च मारला, वर आले.

"काकू, सब सुका हाय की!"

"मग पाणी जातंय कुठं?"

"वोइच तो देखना पडता." आणि त्यांनी पाइप बदलला. पाणी कमी झालं. रेडिएटरचं झाकण बदललं. पाणी कमी झालं. रेडिएटर काढून, धुऊन, पुन्हा बसवला. पाणी कमी झालंच! शेवटी बशीरभाई कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "काकू, गाडी अंदरके अंदर पी री. इंजिन खोलना पडेगा."

आतल्या आत पिणारी माणसं मी पाहिली होती, पण जीप! आमच्या ओळखीतल्या एकांनी इंजिन खोललं होतं, ते अजून पोत्यातच आहे. मी म्हटलं, "थांबा जरा. आधी माझ्या पद्धतीनं शोधते."

माझी पद्धत म्हणजे पीठ. संध्याकाळी जीप दारात लावली आणि तिच्याखाली ज्वारीचं पीठ चाळून घातलं, अगदी पातळ, सारखं. रात्रीतून कुठं ठिबकलं तर पिठात भोक पडणार आणि जागा सापडणार! आहे की नाही अक्कल?

हे ओट्यावर उभे राहून बघत होते. "जीपला भाकरी थापणार आहेस का?"

मी लक्ष दिलं नाही. सकाळी बघते तर पीठ कोरडं ठाक. त्यावर फक्त मांजराची पावलं. बाटलीतलं पाणी मात्र रेघेवर! आता तुम्हीच सांगा, मांजर बॉनेट उघडून कूलंट पिईल का? (हा विचार माझ्या मनात बराच वेळ होता, हे मान्य करते.)

तेवढ्यात शेजारच्या गौराबाई आल्या. जीपखाली पांढरं पीठ, त्यात पावलं. त्या दोन पावलं मागं सरल्या.

"अगं बाई! कुणी केलं हे?"

"मीच केलंय."

"तू? आणि कुणावर गं?"

"कुणावर म्हणजे? जीपवर."

गौराबाईंनी तोंडावर पदर धरला. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की चटणीवाल्या काकूंच्या जीपवर करणी झालीय आणि काकू स्वतःच उतारा करतायत. लोक जीपला वळसा घालून जायला लागले. संध्याकाळी गौराबाईंनी बॉनेटवर लिंबू-मिरची बांधली, वर अंगारा लावला. एका बाईनं तर मला विचारलं, "काकू, चटणीत काय मिसळत न्हाय न्हवं तुमी?" झालं! आता जीपबरोबर धंदाही जाणार!

महिना सरत आला तसा बाळू आला. "आक्का, आठ दिस चालवून बगू का? घ्यायच्या आदी मानूस बगतोच की."

मी खुशीनं दिली. मनात म्हटलं, घे, तुलाही कळू दे काय चीज आहे. चार दिवसांत 'नगं ही बया' म्हणून परत आणून लावशील.

आठ दिवसांनी बाळू जीप घेऊन आला, तो तोंडभरून हसत. "आक्का, थेंबभर बी कमी न्हाय!"

"खोटं बोलू नकोस. किती वेळा भरलंस?"

"म्या झाकनच उघाडलं न्हाय. भायरनं दिसतंय की बाटलीत. वरच्या रेघंला हुतं, वरच्या रेघंलाच हाय. लई ग्वाड गाडी हाय. महिनाअखेरला येतो न्यायला."

टेंभुर्णीत जीप पाणी पीत नाही आणि सोलापुरात पिते! म्हणजे दोष जीपमध्ये नाही. दोष आमच्या घरात आहे. आणि घरात माणसं किती? एक मी. दुसरे हे. जीप विकायची कुणाला होती? ह्यांना! सकाळी मी भाकऱ्या थापत असताना बाहेर जीपजवळ कोण फिरतं? हेच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी संयम ठेवला. महिनाअखेरच्या सकाळी चहा केला, बिस्किटं ठेवली, आणि मग म्हटलं, "अहो, रोज काढून कुठं ओतता ते पाणी?"

ह्यांचं बिस्किट चहात पडलं. "कुठलं पाणी?"

"माझ्या जीपचं! भोळेपणाचा आव आणू नका. मला स्कूटरवर मागं बसवायचंय तुम्हाला पुन्हा, दुसरं काय!"

इतक्या वर्षांच्या संसारात हे चिडलेले मी क्वचित पाहिलेत. उठले, सदरा घातला आणि म्हणाले, "आज महिनाअखेर आहे ना? चल. आत्तापासून तुझ्या शेजारी बसतो. डोळ्यांसमोरून हलत नाही. मग बघू चोर कोण ते."

मी बॉनेट उघडलं, पाणी भरलं, आणि आम्ही निघालो. मोहोळच्या पुढं चहाला थांबलो. मी उतरले. हे उतरले, आणि तडक बॉनेट उघडून कमरेत वाकले. मग गिरणीतल्या आवाजात ओरडले, "अगं, इकडं ये!"

बाटलीच्या तोंडाशी एक बारीक नळी होती, आणि त्या नळीतून हिरवं पाणी टपटप रस्त्यावर पडत होतं.

"सापडलं!" मी नाचायचीच बाकी होते. "गळती सापडली! जीप राहिली माझी!"

"गळती नाही ही," हे म्हणाले. "बाटलीत मावत नाही म्हणून बाहेर येतंय. सकाळी किती भरलंस?"

"भरलं की."

"किती?"

"किती म्हणजे? भरलं म्हणजे भरलं! झाकण टेकेपर्यंत."

ह्यांनी डोळे मिटले. उघडले. बाटलीवरच्या वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि ही रेघ कशाला आहे?"

"मला वाटलं, निदान एवढं तरी असावं म्हणून असेल."

"अगं बाई, ह्याच्यावर भरायचं नाही म्हणून आहे ती! पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा लागते. तू जागाच ठेवत नाहीस, ते जाणार कुठं? जास्तीचं रस्त्यावर सांडतं, गार झालं की रेघेवर येतं, आणि सकाळी तू म्हणतेस चोरी झाली!"

आता हे बाहेरगावच्या माणसाला सांगून पटायचं नाही, पण सोलापूरकराला पटेल. आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आलं की हंडे, कळशा, टाक्या, पातेली, तांबे, फुलपात्रंसुद्धा काठोकाठ भरायची, ही आमची रीत. अर्धं भांडं दिसलं की जीव कासावीस होतो. आईनं मला अक्षरओळखीच्या आधी ते शिकवलंय. त्या बाटलीत वरचं बोटभर रिकामं बघून मी गप्प कशी बसणार? रेघ काढणारा माणूस नक्कीच रोज नळाला पाणी येणाऱ्या गावचा असणार!

हे सगळं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बशीरभाईला सांगू नको. तो आजारी पडेल."

मी ह्यांची माफी मागितली. मनापासून मागितली, कारण वाईट वाटत होतं, आणि जीप राहिल्याचा आनंद इतका झाला होता की कुणाचीही मागितली असती.

घरी आलो तर दारात बाळू! हातात झेंडूचा जाडजूड हार, नारळ, उदबत्तीचा पुडा. जीप थांबताच लिंबू-मिरची काढून हार घालायला पुढं सरसावला.

"या दाजी! म्हैना संपला. नेऊ न्हवं जीप?"

"जीप मिळणार नाही, बाळू," हे म्हणाले. "दोष सापडला."

बाळूचं तोंड उतरलं. "सापडला व्हय? काय हुता मग?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जीपकडं बघितलं.

"जीप ठणठणीत आहे," हे म्हणाले. "दोष तुमच्याच घरातनं आलाय. तुम्हीच अक्षता टाकून दिलाय मला." आणि त्यांनी मोहोळचा सगळा प्रकार सांगितला. बाळू इतका हसला की नारळ हातातून सुटून गटाराकडं गेला.

"हसतोस काय?" हे म्हणाले. "टेंभुर्णीपासून आलायस, मोकळ्या हातानं जाऊ नकोस. जीप राहू दे इथं. तू दोष घेऊन जा. काही द्यायला नको मला."

बाळूचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं. "नगं दाजी. मिरचीला हुईना का उशीर, जाईन मी टेम्पोनं."

आणि तो खरंच गेला! मी ओट्यावर उभीच राहिले. दारात दोन जुन्या वस्तू होत्या. एकीसाठी माझा सख्खा भाऊ हार-नारळ घेऊन टेंभुर्णीहून आला होता, आणि दुसरी फुकट देत होते तरी त्यानं घेतली नाही.